वाहतुकीच्या यंत्रणांना एकमेकींशी बोलतं करताना: सामायिक आयटी मानकं घडवण्याची पहिली पावलं

शहरातल्या एखाद्या बसमध्ये चालकाच्या आसपास नीट पाहिलं तर यंत्रांची दाटी दिसते. तिकीट यंत्र, गाडीचं ठिकाण कळवणारं यंत्र, पुढच्या थांब्याची घोषणा करणारी पेटी, समोरचा मार्गफलक, दारातून येणारे-जाणारे प्रवासी मोजणारे सेन्सर, कॅमेरे, नियंत्रण कक्षाशी बोलायचा रेडिओ. ही यंत्रं वेगवेगळ्या पुरवठादारांकडून, वेगवेगळ्या वर्षी घेतलेली असतात. त्यातल्या कित्येकांना आपापला जीपीएस अँटेना आणि आपापलं सिमकार्ड असतं. पाळी सुरू करताना चालक तोच मार्ग क्रमांक दोन-तीन पडद्यांवर पुन्हा पुन्हा टाकतो. एका पडद्यावर टाकायचा राहिला की गाडी एका मार्गावर धावते आणि आत घोषणा दुसऱ्याच मार्गाच्या होतात.

गाडीबाहेरही असंच. वेळापत्रक एका सॉफ्टवेअरमध्ये बनतं, गाड्यांचा माग दुसऱ्यात ठेवला जातो, प्रवाशांचं अ‍ॅप तिसऱ्याचं. शेजारच्या वाहतूक संस्थेची यंत्रणा तर संपूर्ण वेगळी. या सगळ्यांना जोडायचं तर प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र जोडकाम करावं लागतं. दहा यंत्रणा असतील तर ४५ जोड्या होतात. एक यंत्रणा बदलली की तिच्याशी जोडलेलं सगळं पुन्हा उसवतं, म्हणून जुना पुरवठादार नकोसा झाला तरी बदलता येत नाही.

सामायिक मानक हा यावरचा उपाय. माहिती कोणत्या रूपात द्यायची, तिचा अर्थ काय आणि ती कधी द्यायची हे सगळ्यांनी मिळून एकदाच ठरवायचं आणि पाळायचं. अशा एखाद्या कार्यगटात तुम्ही नुकतेच दाखल झाला असाल, मग वाहतूक संस्थेतून असो, पुरवठादाराकडून असो की शासकीय कार्यालयातून, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: या कामातला सगळ्यात जास्त वेळ अर्थ ठरवण्यात जातो आणि तो तिथेच जायला हवा. फेरी म्हणजे नेमकं काय, रद्द म्हणजे काय, माहिती नसणं आणि उत्तर नकारार्थी असणं यांत फरक कसा दाखवायचा, हे जिथे घाईनं उरकलं जातं तिथे पुढची सगळी पानं डळमळीत होतात.

पायरी १: एकच प्रश्न निवडा

‘सार्वजनिक वाहतुकीच्या सर्व माहितीसाठी एक मानक’ असं वाक्य प्रस्तावात दिसलं की थांबायला सांगा. इतक्या मोठ्या आवाक्याचं काम सुरू होतं, पण कुणाच्याच हाती काही लागत नाही.

जीटीएफएसची (जनरल ट्रान्झिट फीड स्पेसिफिकेशन, म्हणजे वेळापत्रकाची माहिती देण्याची एक खुली रचना) सुरुवात आठवावी अशी आहे. २००५ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडची ट्रायमेट ही वाहतूक संस्था आणि गूगल यांनी मिळून एक मर्यादित प्रश्न हाती घेतला. मोटारीनं कसं जायचं हे नकाशावर चटकन कळतं, मग बस किंवा ट्रामनं कसं जायचं हेही का कळू नये? ट्रायमेटनं आपलं वेळापत्रक काही साध्या मजकूर फायलींमध्ये काढून दिलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सेवा सुरू झाली आणि २००६ मध्ये त्या फायलींची रचना सर्वांसाठी खुली झाली. चालकांच्या पाळ्या, गाड्यांची देखभाल, आगारातली व्यवस्था, कशालाच त्यात हात घातलेला नव्हता. पुढे नावातला ‘गूगल’ जाऊन तिथे ‘जनरल’ आला आणि आज जगभरातल्या हजारो वाहतूक संस्था याच रचनेत माहिती देतात.

तुमचा प्रश्न एका वाक्यात बसला पाहिजे आणि त्या वाक्यात चार गोष्टी असाव्यात: माहिती कोण देणार, कोण घेणार, केव्हा घेणार आणि ती पाहून कोणता निर्णय करणार. ‘नियंत्रण कक्ष रद्द झालेल्या फेरीची खबर एका मिनिटाच्या आत प्रवासी माहिती यंत्रणांना देईल, म्हणजे थांब्यावरचा माणूस दुसरी गाडी धरू शकेल’ हे चांगलं वाक्य आहे. ‘रिअलटाइम माहितीची देवाणघेवाण सुलभ करणं’ या वाक्यावरून मात्र कुणालाही काहीच बांधता येणार नाही.

पायरी २: आधीपासून काय आहे ते पाहा

नवं मानक लिहायला घेण्याआधी जुन्यांची ओळख हवी. बहुतेक प्रश्नांची निम्मी-अधिक उत्तरं तयार असतात.

नियोजित वेळापत्रक प्रवाशांपर्यंत पोचवायचं असेल तर जीटीएफएस आहेच. थांबे, मार्ग, फेऱ्या, थांब्यांवरच्या वेळा, सेवेचे दिवस अशी एकेका गोष्टीची एकेक फाइल, आत स्वल्पविरामानं तोडलेल्या ओळी आणि सगळं एका झिपमध्ये. साध्या स्प्रेडशीटमध्ये ते उघडतं. लहानशी वाहतूक संस्थासुद्धा तज्ज्ञ न नेमता ते बनवू शकते, याचा त्याच्या प्रसारात मोठा वाटा आहे. गाडी आत्ता कुठे आहे, किती उशीर आहे, कुठे अडथळा आहे यासाठी २०११ मध्ये जीटीएफएस रिअलटाइम आलं. आज या दोन्हींची देखरेख मोबिलिटीडेटा ही ना-नफा संस्था करते.

युरोपची वाट वेगळी होती. तिथे आधी ट्रान्समॉडेल हे संदर्भासाठीचं डेटा मॉडेल घडवलं गेलं. त्याचा मानक क्रमांक ईएन १२८९६ (ईएन म्हणजे युरोपीय मानक). त्यात संकल्पना आणि त्यांची नाती आहेत, फाइलची रचना नाही. त्याच्या आधारावर नियोजित माहितीसाठी नेटेक्स आहे, ज्यात जाळं, वेळापत्रक आणि भाडं असे भाग आहेत. प्रत्यक्ष वेळेच्या माहितीसाठी सिरी. सिरी घडताना जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटन इथल्या आधीच्या राष्ट्रीय रचनांचा अनुभव हाताशी होता, म्हणून त्यात नियंत्रण कक्षांना खरोखर लागणाऱ्या गोष्टी आहेत: थांब्यावरच्या येणाऱ्या गाड्या, गाड्यांची ठिकाणं, सुधारित वेळापत्रक, अडथळ्यांची माहिती. २०१७ च्या १९२६ क्रमांकाच्या युरोपीय नियमानं प्रत्येक सदस्य देशाला प्रवास माहितीसाठी राष्ट्रीय प्रवेशबिंदू ठेवायला सांगितलं, तेव्हापासून या मानकांना कायद्याचंही पाठबळ आहे.

नवख्यांना वाटतं की जीटीएफएस आणि नेटेक्स यांत एक निवडावं लागेल. माझ्या मते हा वाद घालण्यात अर्थ नाही. आत तपशीलवार नेटेक्स ठेवून त्यातून प्रवाशांच्या अ‍ॅपसाठी जीटीएफएस काढता येतं. नॉर्वेत एंटूर ही संस्था दोन्ही रूपांत माहिती देते. उलट दिशेनं जाणं अवघड, कारण जे मुळात नोंदवलंच नाही ते नंतर कुठून आणणार?

गाडीच्या आतल्या यंत्रांसाठी आयटीएक्सपीटीचं काम पाहा. ही ब्रसेल्समधली ना-नफा संघटना २०१३ पासून काम करते आणि युरोपच्या १३१४९ या मानकमालिकेच्या आधारानं चालते. गाडीत एक सामायिक आयपी नेटवर्क (इंटरनेटच्या पद्धतीनं चालणारं जाळं) असावं, जोडण्या ठरावीक असाव्यात आणि प्रत्येक यंत्रानं आपण कोणती सेवा देतो हे त्या नेटवर्कवर स्वतःहून जाहीर करावं, अशी ही मांडणी. मग ठिकाण सांगणारं एकच यंत्र सर्वांना ठिकाण देतं, वेळ एकाच घड्याळावरून येते आणि इंजिनाकडची माहितीही त्याच वाटेनं मिळते. सुरुवातीला सांगितलेल्या अँटेनांच्या जंगलावर हे थेट औषध आहे.

तिकिटांच्या बाबतीत थर वेगळे ओळखायला शिका. आयएसओ १४४४३ हे मानक सांगतं की १३.५६ मेगाहर्ट्झवर कार्ड आणि वाचक यंत्र एकमेकांशी कसे बोलतील. कार्डावर तिकीट कसं ठेवायचं, हा त्यावरचा थर. त्यासाठी कॅलिप्सो, ब्रिटनमधलं इट्सो अशा व्यवस्था आहेत. आणि एका संस्थेच्या कार्डावर दुसऱ्या संस्थेच्या गाडीत प्रवास झाला तर पैसे कुणाला आणि किती, हे ठरवणारा तिसरा थर. त्यातल्या भूमिका आयएसओ २४०१४-१ मध्ये मांडल्या आहेत. ‘आमची कार्डं मानकानुसार आहेत’ असं कुणी म्हणालं की कोणत्या थराबद्दल बोलताय, असं विचारा. खालचा थर जुळला म्हणून वरचे आपोआप जुळत नाहीत.

इतकं पाहिल्यावर बहुधा लक्षात येईल की तुमच्या गटाला नवं मानक लिहायचंच नाही. नेटेक्ससारखं मानक इतकं विस्तृत आहे की कुणीच ते संपूर्ण वापरत नाही. त्यातलं काय अनिवार्य, काय ऐच्छिक, काय वापरायचं नाही हे ठरवणाऱ्या दस्तऐवजाला प्रोफाइल म्हणतात. नॉर्डिक देशांचं वेगळं प्रोफाइल आहे, फ्रान्सचं वेगळं. चांगलं प्रोफाइल लिहिणं हे कमी प्रतीचं काम मुळीच नाही. बऱ्याच ठिकाणी नेमकी त्याचीच उणीव असते.

पायरी ३: टेबलाभोवती कोण हवं

माहिती देणारे आणि माहिती वापरणारे, दोघंही पहिल्या बैठकीपासून हवेत. एकाच बाजूनं लिहिलेलं मानक दुसऱ्या बाजूला पेलत नाही.

तिसरा गट हमखास विसरला जातो, तो म्हणजे प्रत्यक्ष वेळापत्रक आखणारे, नियंत्रण कक्षात बसणारे, गाडी चालवणारे. एखादी फेरी अर्ध्या वाटेवरून परत फिरवली तर तिची नोंद कशी होते, हे त्यांनाच ठाऊक असतं. संगणकात ‘टिप्पणी’ नावाच्या रकान्यात काय काय दडवलेलं असतं तेही त्यांच्याकडूनच कळतं. दृष्टिहीन आणि चाकाच्या खुर्चीवरून प्रवास करणाऱ्यांचे प्रतिनिधीही सुरुवातीपासून हवेत. त्यांच्या गरजा पुढच्या आवृत्तीत घेऊ म्हटलं की त्या मागेच राहतात.

पुरवठादार आवश्यकच आहेत, पण ते एकमेकांचे स्पर्धकही आहेत. म्हणून बौद्धिक संपदेचा करार कामाआधी करा. कुणाकडे संबंधित पेटंट असेल तर ते जाहीर करायचं, मानक वापरायला शुल्क लागणार की नाही ते लिहून ठेवायचं, दस्तऐवजाचा परवाना ठरवायचा. हे नंतर उकरायला गेलं तर वर्षाचं काम वकिलांच्या टेबलावर अडकतं. आणि दस्तऐवजाचा संपादक एकच नेमा, त्याला वेळेचा मोबदला द्या. सगळ्यांनी मिळून लिहिलेल्या मजकुरात एकाच गोष्टीला तीन नावं पडतात.

पायरी ४: शब्दांचे अर्थ ठरवा

फायलींची रचना, ती एक्सएमएलमध्ये लिहायची की जेसनमध्ये (या माहिती लिहिण्याच्या दोन पद्धती), हे सगळं बाजूला ठेवा. आधी एक शब्दसूची करा आणि प्रत्येक शब्दाखाली खऱ्या कामकाजातली अवघड उदाहरणं लिहा.

दिवस घ्या. वरवर पाहता तो मध्यरात्री बदलतो. पण शुक्रवारच्या रात्री सव्वा वाजता सुटणारी शेवटची बस वाहतूक संस्थेच्या हिशेबात शुक्रवारचीच असते, चालकाची पाळीही शुक्रवारची. जीटीएफएसनं यावर सेवेचा दिवस ही कल्पना घेतली आणि वेळ २४ च्या पुढे जाऊ दिली. सव्वा वाजता सुटणाऱ्या त्या फेरीची वेळ २५:१५:०० अशी लिहिली जाते. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे नेतात तिथे आणखी एक पेच येतो, त्या दिवशी मध्यरात्रीपासून मोजलेले तास चुकतात. म्हणून जीटीएफएसमध्ये वेळ दुपारच्या बारापासून मागे बारा तास मोजून जो क्षण येतो तिथून धरतात. वर्षातले दोन दिवस सोडले तर तो क्षण म्हणजे मध्यरात्रच. त्या दोन दिवसांसाठी कुणीतरी बसून हा विचार केला, म्हणून त्या दिवशी हजारो फेऱ्या तासभर सरकत नाहीत.

आता ‘रद्द’ घ्या. जीटीएफएस रिअलटाइममध्ये फेरी रद्द असल्याचं सांगता येतंच. त्याखेरीज फेरी पूर्ण वगळण्याची वेगळी अवस्था नंतर जोडावी लागली. कारण कामकाजात दोन वेगळ्या गोष्टी घडतात. गाडी बिघडली, फेरी होणार नाही, तर थांब्यावर ‘रद्द’ दिसलंच पाहिजे, म्हणजे माणूस वाट बघत बसणार नाही. पण ठरलेल्या फेरीच्या जागी दुसरी पूर्ण फेरी लावली असेल आणि पडद्यावर जुनी ‘रद्द’ दिसत राहिली तर प्रवासी उगाच गोंधळतो. तेव्हा जुनी फेरी दाखवायचीच नसते. एकाच शब्दात दोन्ही कोंबलं असतं तर प्रत्येक अ‍ॅपनं आपल्या मनानं अर्थ लावला असता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ‘माहिती नाही’ ही स्वतंत्र अवस्था ठेवा. जीटीएफएसमध्ये थांब्यावरून चाकाच्या खुर्चीसह चढता येतं का, यासाठी तीन उत्तरं आहेत. शून्य म्हणजे माहिती नाही, एक म्हणजे काही गाड्यांत तरी चढता येतं, दोन म्हणजे येत नाही. रकाना रिकामा असेल तर तो शून्य. रिकाम्या रकान्याचा अर्थ कुणी ‘येत नाही’ असा लावला तर एखादा चांगला थांबा प्रवाशासाठी बंद होतो. ‘येतं’ असा लावला तर माणूस रस्त्यावर अडकतो. उशिराचंही तसंच आहे. एखाद्या फेरीबद्दल रिअलटाइम माहिती आलीच नाही, तर ती वेळेवर आहे असं धरू नये, असं त्या मानकात स्पष्ट लिहिलेलं आहे. हे एक वाक्य नसतं तर माग ठेवणारं यंत्र बंद पडलेली प्रत्येक गाडी पडद्यावर अगदी वक्तशीर दिसली असती.

तुमच्या मानकातल्या प्रत्येक रकान्यापुढे हा प्रश्न लिहा: इथे काही आलं नाही तर वाचणाऱ्यानं काय समजायचं? उत्तर लिहिल्याशिवाय पुढच्या रकान्याकडे जाऊ नका.

पायरी ५: ओळख क्रमांक

दोन यंत्रणा एकाच थांब्याबद्दल बोलताहेत हे कळणार कसं? नावावरून नाही. एकाच नावाचे थांबे शहरात चार असतात आणि एकाच थांब्याचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं असतं. अक्षांश-रेखांशावरून तर मुळीच नाही. रस्त्याच्या दोन बाजूंचे दोन थांबे नकाशावर जवळजवळ एकाच जागी पडतात. (त्यातून काही रचनांमध्ये आधी अक्षांश लिहितात, काहींत आधी रेखांश. क्रम उलटला की बस भलत्याच खंडावर दिसते, आणि दोन्ही शून्य राहिले की गिनीच्या आखातात.)

म्हणून कायमचा ओळख क्रमांक लागतो. त्याचे नियम कडक ठेवा. क्रमांक देणारी संस्था एकच असावी, किंवा प्रत्येक संस्थेला स्वतःचा उपसर्ग द्यावा म्हणजे टक्कर होणार नाही. क्रमांकात अर्थ कोंबू नये. प्रभाग किंवा मार्ग त्यात घातला की प्रभाग बदलल्यावर क्रमांक खोटा ठरतो. बाद झालेला क्रमांक दुसऱ्याला देऊ नये. आणि नवी फाइल काढताना जुने क्रमांक तसेच राहावेत. कित्येक सॉफ्टवेअर दर वेळी नव्यानं क्रमांक पाडतात, मग प्रवाशांनी जतन केलेले थांबे एका रात्रीत नाहीसे होतात आणि रिअलटाइमची माहिती वेळापत्रकाशी जुळत नाही.

दुसरा भाग जरा खोल आहे. थांबा ही एकच वस्तू आहे का? ट्रान्समॉडेलनं इथे वेगळेपण ठेवलं आहे. वेळापत्रकात येणारा थांबा हा एक तार्किक बिंदू, आणि रस्त्यावरचा फलाट किंवा खांब ही वेगळी वस्तू. रस्त्याच्या कामामुळे खांब पन्नास मीटर पुढे सरकला तर फक्त त्या दोघांमधलं नातं बदलायचं, वेळापत्रकातल्या फेऱ्यांना हात लावायचा नाही. मोठ्या स्थानकात फलाट, प्रवेशद्वारं, उद्‌वाहनं हेही स्वतंत्रपणे नोंदवावे लागतात, नाहीतर ‘स्थानक सुगम आहे’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. कोणत्या दारातून, कोणत्या फलाटापर्यंत, हेच तर प्रवाशाला हवं असतं. ब्रिटनमध्ये नॅप्टन ही थांब्यांची नोंदवही आणि नॉर्वेत राष्ट्रीय थांबा नोंदवही आहे. अशी सामायिक नोंदवही असली की बाकीचं अर्धं काम सोपं होतं. तुमच्याकडे नसेल तर मानकाआधी तीच उभारा, असं मी ठामपणे सांगेन.

पायरी ६: मसुदा लिहा

इथे फार वेळ लागू नये, अर्थ ठरले असतील तर. ‘अनिवार्य’, ‘अपेक्षित’ आणि ‘ऐच्छिक’ हे तीन शब्द पहिल्या पानावर व्याख्या करून घ्या आणि पुढे काटेकोरपणे तेच वापरा. ‘शक्यतो द्यावे’ अशी वाक्यं करारात टिकत नाहीत. ऐच्छिक रकाने कमी ठेवा. तडजोड म्हणून ऐच्छिक केलेला प्रत्येक रकाना पुढे कुणीतरी गृहीत धरतो.

प्रत्येक नियमासोबत पूर्ण उदाहरण द्या, शक्य तर एक बरोबर आणि एक चूक. माझ्या अनुभवात प्रोग्रामर आधी उदाहरण पाहतात, मग नियम वाचतात. उदाहरण आणि नियम यांत विसंगती असेल तर उदाहरणच जिंकतं. ताजेपणाचाही आकडा लिहा. जीटीएफएस रिअलटाइमच्या शिफारशींत माहिती निदान दर ३० सेकंदांनी ताजी करावी आणि गाडीचं ठिकाण ९० सेकंदांहून जुनं नसावं असं म्हटलं आहे. ‘त्वरित’ म्हणजे किती, यावर वाद घालण्यापेक्षा असा आकडा बरा.

वैयक्तिक माहितीचा विचार याच टप्प्यावर. कार्ड क्रमांक बदलून किंवा कूट करून टाकले म्हणजे माणूस लपला, असं नसतं. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात मायकी या प्रवासाच्या सुमारे दीड कोटी कार्डांचा प्रवासाचा इतिहास एका स्पर्धेसाठी खुला केला गेला. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यातून ओळखीची माणसं शोधून दाखवली, आणि राज्याच्या माहिती आयुक्त कार्यालयानं २०१९ मध्ये तो गोपनीयतेचा भंग ठरवला. कुणी कुठे चढलं-उतरलं हे दोन-तीन वेळा माहीत असलं तरी माणूस ओळखता येतो. म्हणून प्रवासी मोजायचे असतील तर मानकात मोजणीच द्या, प्रवास देऊ नका.

पायरी ७: दोघांकडून बांधून घ्या

कागदावर सगळंच जुळतं. मसुदा पक्का करण्याआधी निदान दोन वेगळ्या चमूंनी, एकमेकांचा कोड न पाहता, तो राबवावा: एकानं माहिती द्यायची, दुसऱ्यानं घ्यायची. जीटीएफएसमध्ये नवा बदल स्वीकारताना कुणीतरी तो प्रत्यक्ष देऊन आणि कुणीतरी घेऊन दाखवावा अशी पद्धत आहे. ती उचलण्यासारखी आहे.

चाचणीच्या दिवशी दोन्ही चमूंना एका खोलीत बसवा आणि मुद्दाम वाकडी उदाहरणं द्या: मध्यरात्र ओलांडणारी फेरी, दोनदा एकाच थांब्यावर जाणारा वर्तुळाकार मार्ग, मध्येच तुटलेलं नेटवर्क, रिकामे रकाने, मराठी-उर्दू-इंग्रजी नावांचे थांबे. एका चमूनं काय पाठवलं आणि दुसऱ्यानं काय समजून घेतलं, हे पडद्यावर शेजारी शेजारी ठेवा. फरक दिसला तर चूक बहुतेक वेळा मसुद्यात असते, कारण दोघांनीही तो प्रामाणिकपणे वाचलेला असतो.

यासोबत आपोआप तपासणारं साधन बनवा आणि ते फुकट, खुलं ठेवा. जीटीएफएससाठी मोबिलिटीडेटाचं तपासणी साधन आहे. आयटीएक्सपीटी गाडीतल्या यंत्रांची चाचणी करून लेबल देतं. तपासणी साधन नसेल तर ‘आम्ही मानक पाळतो’ हे केवळ जाहिरातीतलं वाक्य राहतं.

पायरी ८: आवृत्त्या

बदल होणारच. नवा ऐच्छिक रकाना आला तर जुनं सॉफ्टवेअर मोडू नये, म्हणून अनोळखी रकाने दुर्लक्षित करावेत हा नियम पहिल्याच आवृत्तीत लिहा. अर्थ बदलत असेल तर जुन्या रकान्याला हात न लावता नवा जोडा. जुनी आवृत्ती किती काळ चालेल ते आधी जाहीर करा. गाडीतलं यंत्र अ‍ॅपसारखं दर महिन्याला बदलत नाही. ते दहा-बारा वर्षं त्याच गाडीत असू शकतं, आणि मानकाला त्या संथ चालीनं चालावं लागतं. चर्चा आणि निर्णय उघड ठेवा, नकाराची कारणंसुद्धा.

पायरी ९: निविदेत उतरवा

मानक प्रकाशित झालं की कार्यगटाला वाटतं काम झालं. खरेदी विभागाच्या टेबलावर ते पोचलेलं नसेल तर काहीच बदलत नाही. निविदेत नुसतं ‘अमुक मानकाशी सुसंगत’ लिहून भागत नाही. कोणतं प्रोफाइल, कोणती आवृत्ती, कोणत्या सेवा, कोणत्या चाचणीनंतर पैसे द्यायचे, हे लिहा. माहितीची मालकी वाहतूक संस्थेची राहील आणि करार संपल्यावर ती पूर्ण, मानक रूपात, विनाशुल्क परत मिळेल, ही अट हवीच. तसंच मानकाबाहेरची स्वतःची भर घातली असेल तर तिचा दस्तऐवज द्यावा लागेल, हेही. सगळ्यात कसोटीची अट अशी: चालू करारात एक यंत्र दुसऱ्या पुरवठादाराच्या यंत्रानं बदलून दाखवायचं. ज्याची यंत्रणा खरोखर मानकावर उभी आहे त्याला या अटीची भीती वाटत नाही.

कोणती संस्था काय देते आणि तपासणीत किती चुका येतात याची यादी सार्वजनिक ठेवली तर सुधारणा बऱ्याच वेगानं होते. लहान संस्थांना मात्र यादी दाखवण्याआधी मदत द्या. तिथे एकच माणूस वेळापत्रकही बनवतो आणि फोनही घेतो.

पहिल्या महिन्यात तुम्ही काय कराल

एखाद्या वाहतूक संस्थेची जीटीएफएस फाइल उतरवून घ्या. स्प्रेडशीटमध्ये थांबे, फेऱ्या आणि वेळा उघडून एक फेरी हातानं शोधा: कोणत्या मार्गाची, कोणत्या दिवसांची, कोणकोणत्या थांब्यांवरून जाणारी. तपासणी साधनात ती फाइल घाला आणि आलेली प्रत्येक चूक मानकातल्या कोणत्या नियमावरून आली ते वाचा. मग नियंत्रण कक्षात एक पाळी बसा. तिथे फेरी कशी वळवतात, कशी रद्द करतात आणि ते कुठे नोंदवतात ते लिहून घ्या.

एवढं झालं की तुमच्या हातात हमखास एक तरी प्रसंग असेल जो मसुद्यातल्या शब्दांत बसत नाही. तो गटासमोर ठेवा. त्यासोबत फेरीचा क्रमांक, सेवेची तारीख, यंत्रणेनं काय दाखवलं आणि प्रवाशाला काय दिसायला हवं होतं, एवढं जोडा. म्हणजे संपादकाला तो पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर थेट घेता येईल.